तुंगाचं व्हायोलिन, माझा कंप्यूटर

आणि वर मलाच म्हणते, ‘यात श्वास नाही.’ श्वास… आता तुम्हाला सांगतो, बासरी असती तर मीही मान डोलावली असती, की फुंकायचं म्हणजे श्वास लागणारच. पण व्हायोलिनला कुठून आला श्वास? ते लाकूड, त्याला चार तारा, वर घोड्याच्या शेपटीचे केस, यात श्वास घ्यायला आहे कोण? तर म्हणते, ‘वाजवणारी घेते की. गज उचलला की पुन्हा टेकवायच्या आधी मी श्वास घेते. तो कुठाय?’ बरं, हे कधी सांगते? मी पस्तीस दिवस पाठ मोडून मोहन रागातली सव्वातीन मिनिटं कंप्यूटरवर उभी केल्यानंतर. त्यात गजाची खरखर घातलीय, खुंटी पिळताना होते ती करकर घातलीय, खालचा पंचम लागला की आमच्या लोखंडी कपाटाची कडी झणझणते, ती झणझणसुद्धा वेगळी रेकॉर्ड करून बरोबर त्या पंचमाखाली नेऊन बसवलीय. आता आणखी किती खरं करायचं, सांगा तुम्हीच.

थांबा, तुम्हाला वाटेल हा कुणी स्टुडिओवाला आहे. छे हो. मी संकर्षण, कुवेंपुनगरात राहतो, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं टेबलापाशी बसून गेल्या वर्षी उठलो. आम्ही म्हैसूरचेच, किती पिढ्यांचे ते विचारू नका, घरात मराठी बोलतो, म्हणजे आम्हाला ती मराठी वाटते. पुण्याचा पाहुणा आला की तो जरा हसतो आणि ‘गोड आहे हो तुमची भाषा’ म्हणतो, म्हणजे काय ते आम्हाला कळतं. संगीताशी माझा संबंध एवढाच, की माझी बायको तुंगा व्हायोलिन वाजवते. वाजवायची. बघा, अजून माझ्या तोंडात ते नीट बसत नाही.

मार्चमध्ये ती स्कूटरवरून पडली. पडली म्हणजे… मीच चालवत होतो. बसला वाट द्यायला डावीकडे घेतली, तिथे खडी, मी एका पायावर उभा राहिलो आणि ती डाव्या हातावर गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. निदान चष्मा तरी फुटायचा होता, तोही नाही. तिच्या मनगटात स्टीलची पट्टी घातली. डॉक्टर म्हणाले, ‘रोजची सगळी कामं होतील.’ आणि होतात हो, खोटं कशाला बोलू, कणीक मळते, भाजी चिरते, स्वतःची वेणी घालते. फक्त ते मनगट आत वळत नाही, आणि व्हायोलिनच्या तारांवर बोटं न्यायची तर ते वळावंच लागतं. मी विचारलं, ‘डॉक्टर, व्हायोलिन?’ तर कागदावरून मान वर न करता म्हणतात, ‘अदु बिडी सार. ते सोडा आता, या वयात कशाला?’ तुंगा म्हणाली, ‘बरं.’ असं म्हणाली की जसं काही त्यांनी लोणचं सोडायला सांगितलंय.

आता यात दसरा कुठून आला ते सांगतो. दसऱ्याला आमच्याकडे बाहुल्या मांडतात, म्हणजे म्हैसुरात कोण मांडत नाही, पायऱ्यापायऱ्यांवर राजाराणी, वाणी-वाणीण, हत्ती, सगळा दरबार. संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला येतात, द्रोणातून उसळ खातात, आणि त्या वेळी तुंगाचं व्हायोलिन. एकतीस वर्षं. पण कुठून? आतल्या खोलीतून, पडद्याआडून. का? तर आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील बिंदुमाधवराव. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला ही नवी सून व्हायोलिन घेऊन बाहेरच्या खोलीत बसायला निघाली, आणि अण्णा आरामखुर्चीतून नुसते म्हणाले, ‘मुली, आत बसून वाजव हो, ऐकू येतं.’ अष्टे. एवढंच. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. ती आत गेली. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, आरामखुर्ची भंगारात गेली, पडदा चार वेळा बदलला, आणि ही दर दसऱ्याला आत बसून वाजवते. मी एकदोनदा म्हटलंही, ‘आता बाहेर बस की गं.’ ती म्हणाली, ‘असू दे, सवय झालीय.’ मीही मग असू दे म्हटलं. आपल्याला काय, आपल्याला चपला सांभाळायच्या असतात, द्रोण पुरतायत का बघायचं असतं.

तर जूनमध्ये ती मला म्हणाली, ‘अहो, यंदा दसऱ्याला बायका विचारतील. मग सांगावं लागेल. मग सगळ्या मिळून “अय्यो पाप”, बिचारी गं, म्हणतील. मला ते “अय्यो पाप” नको.’ आणि मी, स्कूटर चालवणारा मी, छातीवर हात ठेवून म्हणालो, ‘मी करतो काहीतरी.’ आमची मुलगी नमिता बेंगळुरात असते, तिने तिचा जुना कंप्यूटर आणि पियानोसारख्या पट्ट्यांचा एक छोटा कीबोर्ड पाठवला, त्यात व्हायोलिनचे आवाज भरून दिले आणि फोनवर म्हणाली, ‘अप्पा, एकदम सिंपल आहे, सुम्ने पट्ट्या दाबायच्या.’ सुम्ने. उगाच आपलं सहज. हे पोरीचं सुम्ने मला चार महिने पुरलं.

त्याचं असं असतं बघा. परदेशात कुठेतरी एका वाजवणाऱ्याला बसवतात, त्याच्याकडून एकेक स्वर वाजवून घेतात, हळू, जोरात, लांब, तोकडा, आणि ते तुकडे विकतात. आपण इथे पट्टी दाबली की तिथला तुकडा वाजतो. मी पहिल्या दिवशी सारेगम दाबलं, आणि तुंगा हसली. मार्चनंतर पहिल्यांदा हसली हो. म्हणाली, ‘हे लिफ्टचं दार उघडल्यासारखं वाजतंय.’ मग मी एकच सा पाचदा दाबला, तर पाचही सा तंतोतंत सारखे. ‘कचेरीतले शिक्के मारताय का? माणसाचे दोन सा सारखे येत नाहीत.’ बरं, मग सा पाच प्रकारचे घेतले आणि आळीपाळीने लावले. तर म्हणते, ‘ताल चुकत नाही.’ मी म्हटलं, ‘हा दोष आहे?’ म्हणते, ‘आहे. माणूस मागेपुढे होतो.’ मी म्हटलं, ‘कुठे मागे, कुठे पुढे, तेवढं सांग, मी सरकवतो.’ जरा विचार करून म्हणाली, ‘अवघड जागा आली की मी भीतीने आधीच पोचते. सोपी आली की रेंगाळते.’ तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं या बाईबरोबर संसार केला, तिला कशाची भीती वाटते ते मला त्या मंगळवारी कळलं.

मग ती थरथर. त्या परदेशी आवाजात प्रत्येक स्वर उभ्या उभ्या थरथरतो. ‘ते काढा आधी. आपल्याकडे स्वर घसरत येतो, घसरत जातो, थंडी वाजल्यासारखा उभा राहत नाही.’ काढली. मग घसरवायचा कसा? पट्ट्यांच्या बाजूला एक चाक असतं, ते फिरवलं की स्वर वरखाली होतो. ती गुणगुणायची आणि मी अंगठ्याने चाक फिरवायचो, एवढंसं जास्त फिरलं की कोंबडीची मान मुरगळल्यासारखा आवाज. ‘नाही. पुन्हा.’ ती गायची, मी फिरवायचो. ‘नाही. गांधारावर मी थांबत नाही, नुसती शिवून येते.’ पुन्हा. अंगठ्याला घट्टा पडला. पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं सह्या करून पडला नव्हता तो घट्टा गांधाराने पडला. आता आणखी किती खरं करायचं?

आणि खोली. म्हणजे आवाज नुसता व्हायोलिनचा नसतो, खोलीचाही असतो, हे मला नमिताने सांगितलं. त्यासाठी रिकाम्या खोलीत फुगा फोडायचा, तो घुमतो कसा ते रेकॉर्ड करायचं, आणि ते घुमणं मग व्हायोलिनला लावायचं. मी बावीस फुगे फोडले. तेविसाव्याला शेजारच्या इंदिराबाई दाराशी. ‘संकर्षणराव, वाढदिवस कुणाचा?’ मी म्हटलं, ‘खोलीचा.’ त्या गेल्या, पण जाताना मागे वळून वळून बघत गेल्या. त्या दिवशी तुंगा पोट धरून हसली. खरं सांगू का, चार महिन्यांत आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्न ठरतानासुद्धा बोललो नव्हतो. सकाळी चहा झाला की ती स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायची आणि आपल्यातलं एकेक काढून द्यायची, मी ते यात घालायचो. ती सांगत गेली, मी घालत गेलो.

तर श्वास. तिच्यासमोर माइक ठेवला, ती डोळे मिटून बसली, उजव्या हातात नुसता गज धरला, आणि जसा वाजवताना घेते तसा श्वास घेतला. चाळीस वेळा. मी हेडफोन लावून बसलो होतो. तिचं घोरणं मी ऐकलेलं आहे, ते वेगळं. हा श्वास… म्हणजे बाई काहीतरी उचलायच्या आधी घेते ना, तसा. मला हेडफोन काढावा लागला. म्हटलं, वायर सैल आहे.

ते चाळीस श्वास जागच्या जागी बसवले आणि तिला ऐकवलं. पूर्ण ऐकलं. मी वही-पेन घेऊन तयार, की आता काय काढते. मी म्हटलं, ‘काय राहिलं?’ म्हणाली, ‘काही नाही राहिलं.’ आणि उठून डाळ बघायला गेली. मी मूर्ख, मला वाटलं पास झालो.

ठरलं काय होतं, तर घटस्थापनेला तिने बाहेर बायकांमध्ये बसायचं आणि आपणच हसत सांगायचं, ‘यंदा मी नाही, आमचे हे आणि यांचा कंप्यूटर.’ म्हणजे कौतुकही होईल आणि ‘अय्यो पाप’ही टळेल. संध्याकाळी पंधरावीस बायका जमल्या, ती आत साडी नेसत होती, आणि मला धीर धरवेना. मी स्पीकर सुरू केला. पडद्याआडून मोहन आला, आणि इंदिराबाई म्हणाल्या, ‘तुंगाक्कांचा हात बरा झाला म्हणायचा.’ सगळ्या जणी, ‘हो हो, चेन्नागिदे, छान.’ आणि मी? माझं काम होतं तोंड उघडून सांगायचं. नाही सांगितलं. मला मजा वाटली हो. चार महिने ती मला नापास करत होती आणि इथे वीस बायका मला पास करतायत, एका मिनिटात. संपल्यावर ती पडदा सारून बाहेर आली, तर तिच्याभोवती गर्दी. ‘तुंबा चेन्नागि नुडिसिद्रि, अक्का, फार छान वाजवलंत, पडल्यानंतर तर आणखीच बहार आली.’ तिने माझ्याकडे पाहिलं. मी उसळीचा द्रोण कुणाला तरी दिला. ती म्हणाली, ‘हो, आता बरा आहे हात.’

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला ती आपण होऊन आत जाऊन बसली. मी म्हटलं, ‘अगं, तू कशाला?’ म्हणाली, ‘मग काय करू? मी वाजवतेय ना.’ अशा पाच संध्याकाळी. आत पंखा, मांडीशी स्पीकर, आणि शेजारी ही, मांडीवर हात ठेवून बसलेली. आणि माझी हौस बघा, रोज नवा राग, आज हिंदोळ, उद्या कल्याणी, आणि साडेसहाला आपोआप सुरू व्हावं म्हणून कंप्यूटरला वेळ लावून ठेवलेली, कचेरीची सवय, उशीर नको.

इथेच मी खाल्लं शेण. सप्तमीला सरस्वतीची पूजा असते. त्या दिवशी पुस्तकं, वाद्यं, सगळं देवीपुढे ठेवायचं, कुंकू लावायचं, फूल वाहायचं, आणि दशमीपर्यंत हात लावायचा नाही. तुंगाचं व्हायोलिन बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे पाटावर ठेवलेलं, सगळ्यांना दिसेल असं. वाजवायचं नसतं म्हणून हे तीन दिवस तुंगा दर वर्षी बाहेर बसते, स्वतः कुंकू लावते. तशी बसली होती. बायका बोलत होत्या, मिरवणुकीसाठी कुठले रस्ते बंद, कुणाची सून कुठे. आणि साडेसहा वाजले. वेळ काढायची मी विसरलो होतो. पूजेतलं व्हायोलिन पाटावर, वाजवणारी हातात कुंकवाची कोयरी घेऊन समोर, आणि आत पडद्याआडून कानडा सुरू झाला.

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. म्हटलं, संपलं, आता सगळ्या विचारणार. इंदिराबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तुंगाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘शिष्या बसलीय वाटतं आत? छान तयार केलीत हो, हुबेहूब तुमच्यासारखं.’ आणि तिकडून एकजण, ‘एरडु पिटीलु इदेया, अक्का? दोन व्हायोलिनं आहेत होय तुमच्याकडे?’ बस्स. एवढीच चौकशी. मग एकीने विचारलं उसळीत खोबरं ओलं की सुकं, दुसरी फोनवर नवऱ्याला सांगत होती की दूध उतू जाईल, तिसरीच्या कडेवरचं पोर रडत होतं, आणि आत तुंगा, म्हणजे तिचा श्वास, तिची भीती, तिचं ते सोप्या जागी रेंगाळणं, सगळं चाललं होतं. कोणी ऐकत नव्हतं. मी तुंगाकडे बघत होतो. ती एकटी ऐकत होती. आणि ऐकता ऐकता एकेकीकडे बघत होती, या बाईकडून त्या बाईकडे, अगदी सावकाश.

आता मला सांगा, पडद्याआड एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला हे कसं कळणार? आत पंखा, कानाशी व्हायोलिन. सप्तमी ते नवमी बायका बोलतात, तर तिला वाटायचं वाजवणं बंद असतं म्हणून बोलतात. बायका गेल्यावर द्रोण गोळा करताना तिने विचारलं, ‘अहो, दर वर्षी असंच असतं?’ एकतीस वर्षं बाहेर मी बसत होतो. म्हणजे मलाच विचारायला पाहिजे होतं, बरोबर आहे. मी म्हटलं, ‘छे गं, आज जरा मिरवणुकीचा विषय होता म्हणून.’ ती म्हणाली, ‘हं.’

तिला काय हवं होतं ते मला त्या द्रोणांपाशी कळलं. तिला ‘अय्यो पाप’ नको होतं, पण कुणीतरी एकीने तरी म्हणावं, यंदा काहीतरी कमी आहे, एवढं हवं होतं. आणि मी इतकं खरं केलं, इतकं खरं केलं, की तिची उणीव म्हणून कुठे शिल्लकच ठेवली नाही. आणखी किती खरं करायचं असतं हो माणसाने?

मी मनाशी म्हटलं, असू दे. त्यांना नाही कळलं, मला तर कळतं. चार महिने मी तिला ऐकलंय, आता डोळे बांधून हजारात तिचा एक गज ओळखीन. हे तिला सांगायचं असं दशमीपर्यंत ठरवत होतो. दशमीला दुपारी गल्ली रिकामी, अर्धे मिरवणुकीतले हत्ती बघायला गेलेले, अर्धे टीव्हीवर हत्ती बघत बसलेले. जेवणं झाली होती, मी मोरीत भांडी घासत होतो, आणि आतून आवाज आला. आता त्या कंप्यूटरला खोड आहे, यादी संपली की आपण होऊन जुने कच्चे खर्डे काढून वाजवत बसतो. आणि हा तर जूनमधला वाटत होता, अगदी पहिल्या आठवड्यातला. गज अडखळतोय, स्वर चढतोय आणि मधेच खाली बसतोय, श्वास दोनदा, तेही भलत्याच जागी. मला आपली लाज वाटली, एवढं सगळं केल्यावर घरात हे वाजतंय. मी मोरीतूनच ओरडलो, ‘तुंगा, ते बंद कर गं. कच्चं आहे, अजून खरं वाटत नाही.’

थांबलं. आतून ती म्हणाली, ‘बंद केलं हं.’

साबणाचे हात तसेच घेऊन मी बाहेरच्या खोलीत आलो. दशमीला व्हायोलिन पूजेतून उचलतात, आणि त्याच दिवशी थोडं तरी वाजवतात, नुसता सा का होईना, अशी रीत आहे. पाटावर फूल होतं, कुंकू सांडलेलं होतं. व्हायोलिन नव्हतं.

मी पडद्यापाशी गेलो. म्हटलं, ‘अगं, वाजव ना.’ ‘नको,’ म्हणाली, ‘झालं.’ व्हायोलिनच्या पेटीची कडी लावल्याचा आवाज आला. त्याला आता तीन आठवडे झाले. मी रोज म्हणतो, ती रोज हसून नको म्हणते. आमच्या तुंगाचं तसं आहे हो, तिला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.